धावणाऱ्याचा पाय आणि बुटाचे माप

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपात तयार होणारे बहुतेक जोडे उजवा-डावा असा भेद न करता एकाच सरळ फर्म्यावर बांधले जात असत. फर्मा म्हणजे ज्यावर कातडे ताणून ठोकतात तो पावलाच्या आकाराचा लाकडी साचा. जोड्याचा आकार हा वस्तुतः या साच्याचाच आकार असतो, आणि म्हणून कोणत्या पायाला कोणता जोडा मानवेल या प्रश्नाचा इतिहास बऱ्याच अंशी फर्म्याचा इतिहास ठरतो. उंच टाचेच्या जोड्यांची चाल पडल्यानंतर एकमेकांची प्रतिबिंबे असलेले दोन फर्मे अचूक कोरणे अवघड होऊन बसले होते, आणि एकाच सरळ फर्म्यावर काम भागत असल्यामुळे कारागिराचे लाकूड व श्रम दोन्ही वाचत. ग्राहकाच्या वाट्याला मात्र नवा जोडा काही आठवडे चावू देणे आणि कातडे सैल पडून त्याला उजवेडावेपण येईपर्यंत वाट पाहणे एवढेच उरत असे.

हा व्यवहार पायाच्या रचनेशी विसंगत आहे, हे शरीरशास्त्राच्या आधारे मांडणाऱ्या पहिल्या लेखकांत डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेत्रुस कॅम्पर यांची गणना होते. उत्तम जोडा कसा असावा यावरील त्यांचा निबंध १७८१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि घोडे, खेचरे व बैल यांच्या पायांची निगा राखण्यावर विद्वान लेखणी झिजवतात पण माणसाच्या पायाकडे कोणी पाहत नाही, असा त्याचा सूर होता. त्यानंतर सुमारे पाऊण शतकाने, १८५८ मध्ये, झुरिकचे हेर्मान फोन मायर यांनी या तक्रारीला भूमितीची जोड दिली. अंगठ्याच्या मध्यातून मागे काढलेली रेषा निरोगी पायात टाचेच्या मध्यातून जाते, आणि टोकदार जोडा वापरणाऱ्याच्या पायात अंगठा करंगळीकडे ढकलला गेल्यामुळे ती जात नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. जोड्याची आतली कड या रेषेला धरून सरळ असावी, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. समाजात मिरवणाऱ्या ग्राहकांनी या निष्कर्षाकडे दुर्लक्ष केले, पण सैन्यदलांना तसे करणे परवडणारे नव्हते, कारण फोड आलेला शिपाई कूच करू शकत नाही.

अमेरिकी सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने १९०८ ते १९१२ या काळात शिपायांच्या पायांची पद्धतशीर तपासणी केली आणि तिच्यातून ‘मन्सन फर्मा’ म्हणून पुढे ओळखला गेलेला साचा निघाला, ज्याची आतली कड सरळ आणि बोटांकडची जागा ऐसपैस होती. या कामातील खरी मोलाची गोष्ट मात्र साच्यापेक्षा माप घेण्याच्या रीतीत आहे. बसलेल्या माणसाच्या पायाचे माप आणि पाठीवर ओझे घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पायाचे माप यांत फरक पडतो, कारण भार पडला की तळव्याची कमान दबते, पाऊल लांब होते आणि चवडा फाकतो. म्हणून शिपायाचे माप तो भारासह उभा असताना घ्यावे, हा दंडक मन्सन यांनी घालून दिला. धावताना पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो आणि दीर्घ अंतरात पाय सुजतो, हे ध्यानी घेतले तर शंभर वर्षांपूर्वीचा हा दंडक धावपटूला शिपायापेक्षाही अधिक लागू पडतो. बाकावर बसून बूट चढवणारा आणि तसाच पैसे मोजणारा ग्राहक आजही तो पाळत नाही.

नागरी बाजारात मापाची भाषा जुनीच राहिली होती. इंग्रजी पद्धतीत एका नंबरातून पुढच्या नंबरात जाताना जोडा एका जवाच्या लांबीने, म्हणजे एक तृतीयांश इंचाने वाढतो, तर फ्रेंच पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटरने. दोन्ही पद्धती मूलतः लांबीचा हिशेब ठेवतात आणि रुंदीविषयी स्वतःहून काही सांगत नाहीत. ही उणीव भरून काढणारे साधन न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्युज येथे जोड्यांच्या दुकानदाराचे चिरंजीव चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात तयार केले. धातूच्या सपाट पट्टीवर मागे टाचेसाठी खोलगट वाटी, पुढे आकडे आणि बाजूला सरकणाऱ्या दोन पट्ट्या, अशी त्याची घडण आहे. ग्राहकाने दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहायचे, टाच वाटीत घट्ट बसवायची, आणि मग विक्रेत्याने तीन मापे वाचायची: टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी, टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यापर्यंतची लांबी, आणि चवड्याची रुंदी. यांतील दुसरे माप सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत उपयोगी आहे, कारण पाऊल त्या सांध्यापाशी वाकते आणि बुटाचा तळही तिथेच वाकला पाहिजे. ज्याची बोटे आखूड आणि टाचेपासून सांध्यापर्यंतचा भाग लांब आहे, त्याने केवळ बोटांपर्यंतची लांबी पाहून बूट घेतला तर तो पुढून बरोबर दिसतो आणि मधूनच चुकीच्या जागी मोडतो. म्हणून दोन लांब्यांपैकी जी मोठा नंबर दाखवील ती धरावी, असा नियम आहे.

त्याच सुमारास दुकानांत एक दुसरे यंत्रही आले, आणि त्याचा इतिहास काहीसा लाजिरवाणा आहे. लाकडी पेटीच्या तळाशी असलेल्या खाचेत बूट घातलेला पाय सरकवला की क्ष-किरणांच्या साहाय्याने पडद्यावर हाडे आणि बुटाचे खिळे हिरवट प्रकाशात दिसत, आणि वरच्या तीन झरोक्यांतून मूल, पालक व विक्रेता असे तिघे ते दृश्य एकाच वेळी पाहत. १९५०च्या दशकाच्या आरंभी अशी सुमारे १०,००० यंत्रे एकट्या अमेरिकेत होती. किरणोत्साराचा धोका स्पष्ट झाल्यावर पेनसिल्व्हेनिया राज्याने १९५७ मध्ये त्यांवर बंदी घातली आणि हळूहळू ती सर्वत्र हद्दपार झाली. आरोग्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी या यंत्राने मापाचे काम साधले नाही, कारण बूट चावतो तो मांसल भागाला आणि कातडीला, आणि या दोन्ही गोष्टी त्या पडद्यावर जवळजवळ दिसतच नसत. शास्त्राचे दृश्य दाखवून ग्राहकाच्या स्वतःच्या जाणिवेला गप्प करण्याची दुकानदारीची ही रीत यंत्राबरोबर संपली नाही.

धावपटू या साऱ्या खटाटोपाच्या बाहेरच होते. रबरी तळाचे हलके कापडी जोडे एकोणिसाव्या शतकात समुद्रकिनारी फिरण्यासाठी निघाले होते, आणि इंग्लंडमधील बोल्टन येथे जोसेफ विल्यम फॉस्टर यांनी १८९०च्या दशकात खिळे ठोकलेले धावण्याचे बूट बनवायला सुरुवात केली होती, पण ते मैदानावरील छोट्या शर्यतींसाठी होते. रस्त्यावर तासन् तास धावणाऱ्यासाठी असे खास पादत्राण फारसे उपलब्ध नव्हते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमध्ये जगाच्या दोन टोकांकडील अनुभव एकत्र आलेले दिसतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत ग्रामीण भागातील तरुण अनवाणी धावतात आणि तरीही त्यांच्या वेळा परदेशी धावपटूंच्या जवळ जातात, हे पाहून दोराबजी टाटा यांनी भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला धाडण्याची खटपट केली, आणि त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. त्याच शर्यतीत १६ वे आलेले जपानचे कानागुरी शिझो हे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ‘ताबी’ घालून धावले होते. ताबी म्हणजे अंगठा आणि उरलेली चार बोटे यांसाठी दोन वेगळे कप्पे असलेले जपानी कापडी पादत्राण. खडबडीत रस्त्यावर त्याचा तळ टिकत नाही हे अनुभवल्यावर कानागुरी यांनी टोकियोतील हारिमाया या ताबी बनवणाऱ्या दुकानाबरोबर सुधारणा करत करत त्याला रबरी तळ बसवला, आणि अशाच जातीचे जोडे घालून तानाका शिगेकी यांनी १९५१ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली. आपल्या लोकांच्या पायाला सवयीचा असलेला आकार कायम ठेवून केवळ तळ बदलण्याचा हा मार्ग पुढे खुद्द जपाननेही सोडला, ही या इतिहासातील हुकलेली शक्यता म्हटली पाहिजे.

अनवाणी धावण्याची सर्वांत गाजलेली घटनाही मुळात मापाचीच आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांना नव्याने मिळालेले जोडे पायाला नीट बसेनात, आणि फोड घेऊन ४२ किलोमीटर धावण्यापेक्षा सरावातल्याप्रमाणे अनवाणी धावणे त्यांनी पसंत केले. २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. चार वर्षांनी टोकियोत हेच बिकिला बूट घालून धावले आणि तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचले. या दोन शर्यतींपैकी पहिलीच लोकांच्या स्मरणात राहिली आणि तिच्यातून अनवाणी पायाचे माहात्म्य काढले गेले, परंतु दोन्ही एकत्र वाचल्या तर त्यांतून इतकेच निघते की न बसणाऱ्या बुटापेक्षा मोकळा पाय बरा.

रोमच्या त्याच वर्षी बोस्टनजवळच्या न्यू बॅलन्स या कंपनीने ‘ट्रॅकस्टर’ नावाचा धावण्याचा बूट बाजारात आणला. १९०६ पासून तळव्याच्या कमानीला आधार देणारे घटक बनवणे हा या कंपनीचा मूळ धंदा होता, आणि बहुधा त्यामुळेच एकाच नंबरात अनेक रुंद्या उपलब्ध करून देण्याची बुद्धी तिला झाली. ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांचा मार्ग अधिक जुन्या वळणाचा होता: ते आपल्या धावपटूंच्या पावलांची बाह्यरेषा कागदावर काढून घेत आणि तिच्या आधारे स्वतः बूट शिवत, जे गावोगावचे चांभार पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. त्यांचा ध्यास वजन घटवण्याचा होता. मैलभरात एका पायाची सुमारे ८८० पावले पडतात असे धरले तर बुटाचे वजन एका औंसाने, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमने कमी केल्यास धावपटूला मैलामागे जवळपास २५ किलो ओझे कमी उचलावे लागते, असा त्यांचा हिशेब होता. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड यांच्याकडून त्यांनी सर्वसामान्यांनी आरोग्यासाठी सावकाश धावण्याची कल्पना उचलली, १९६७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि फिल नाइट यांच्याबरोबर १९६४ मध्ये काढलेल्या कंपनीतून, जी पुढे नायकी झाली, या नव्या ग्राहकाला बूटही पुरवले.

हा नवा ग्राहक आल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. फ्रँक शॉर्टर यांनी १९७२ मध्ये म्युनिकची मॅरेथॉन जिंकल्यानंतर अमेरिकेत धावण्याची लाट आली, आणि तिच्यात चाळिशी उलटलेले, वजनदार, दिवसभर खुर्चीत बसणारे लोक कठीण रस्त्यांवर उतरले. त्यांचे गुडघे आणि नडग्या दुखू लागल्या. उपाय म्हणून बुटाचा तळ मऊ करण्यात आला. १९७५ मध्ये ब्रुक्स कंपनीने ईव्हीए या पदार्थाचा फेस तळात वापरला. सूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेले हे रसायन रबरापेक्षा हलके असते आणि आघात झेलताना दबते. मात्र मऊ तळावर पाय अधिक डळमळतो, आणि येथून या इतिहासातील सर्वांत प्रभावी व सर्वांत शंकास्पद प्रकरण सुरू होते.

धावताना पाऊल बहुधा टाचेच्या बाहेरच्या कडेवर टेकते, मग टाच आतल्या बाजूला कलते आणि तळव्याची कमान क्षणभर खाली जाते. या हालचालीला प्रोनेशन म्हणतात आणि तिच्यामुळे आघाताचा जोर पसरून सौम्य होतो. कॅलिफोर्नियातील पायाचे तज्ज्ञ मर्टन रूट यांनी १९७०च्या दशकात घोट्याखालच्या सांध्याची एक आदर्श मध्यस्थिती कल्पिली आणि तिच्यापासून होणारे विचलन दोष मानून ते आधार देऊन सुधारावे, असे प्रतिपादन केले. ही मांडणी दवाखान्यातून बूट कारखान्यांत जायला वेळ लागला नाही: १९७७ मध्ये ब्रुक्सने स्टीव्हन सबॉटनिक या पायांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आतल्या बाजूला पाचर असलेला बूट काढला, आणि पुढे आतली कड कठीण व बाहेरची मऊ अशा दुहेरी फेसाचे तळ सर्रास आले. तळ जितका मऊ तितकी टाच अधिक आत कलते, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. म्हणजे जी हालचाल रोखण्यासाठी पाचर बसवायची ती वाढवण्यात त्याच बुटाच्या मऊपणाचा हात होता.

दुकानात या विचाराला तीन खान्यांचे सुटसुटीत रूप मिळाले. ओले पाऊल कागदावर उमटवायचे. मधला भाग जवळजवळ उमटलाच नाही तर कमान उंच, अर्धवट उमटला तर मध्यम, आणि सगळाच उमटला तर तळवा सपाट. उंच कमानीला वक्र फर्म्यावरचा मऊ बूट, मध्यमाला अर्धवक्र फर्म्यावरचा स्थिरता देणारा, आणि सपाट तळव्याला सरळ फर्म्यावरचा, हालचाल रोखणारा कठीण बूट, असा हा नुस्खा धावण्याच्या मासिकांनी वर्षानुवर्षे छापला, विक्रेत्यांनी पाठ केला, आणि पुढे पट्ट्यावर धावणाऱ्या ग्राहकाचे चित्रीकरण करून त्याला संगणकाची झळाळी दिली. त्याची मोहिनी समजण्याजोगी आहे, कारण प्रत्येकाला आपल्या पायाची जात कळल्याचे समाधान त्यातून मिळत होते. उभ्या पावलाचा ठसा धावत्या पावलाविषयी फारसे सांगू शकत नाही, ही साधी अडचण मात्र कोणी तपासून पाहिली नव्हती.

ती तपासणी पुन्हा सैन्यानेच केली. जोसेफ नॅपिक आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन दल यांतील नवशिक्या सैनिकांचे दोन गट पाडले. एका गटाला तळव्याच्या ठशानुसार तीनपैकी एका प्रकारचे बूट दिले आणि दुसऱ्या गटाला, ठसा कसाही असो, सरसकट मधल्या प्रकारचे. २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचण्यांत दोन्ही गटांतील दुखापतींच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावकांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही टाच आत कलणाऱ्यांना अधिक दुखापती झाल्याचे दिसले नाही. दुसऱ्या बाजूने, लक्झेंबर्गमधील ३७२ हौशी धावकांवरील २०१६ च्या चाचणीत हालचाल रोखणाऱ्या बुटांचा काहींना, विशेषतः टाच फार आत कलणाऱ्यांना, लाभ झाल्याचे दिसून आले, त्यामुळे हे बूट निरर्थक आहेत असे म्हणणे घाईचे होईल; कोलमडले ते तीन खान्यांचे सार्वत्रिक सूत्र.

त्याच्या जागी कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये जो निकष सुचवला, तो मापाच्या या प्रदीर्घ इतिहासात जवळजवळ उद्धट वाटावा इतका साधा आहे: पायाला जो बूट आरामदायक वाटतो तो घ्यावा. त्यामागे २००१ मधील एक प्रयोग होता, ज्यात सैनिकांनी सहा प्रकारच्या आतल्या तळपट्ट्यांतून स्वतःला बरी वाटेल ती निवडली आणि तळपट्टी न वापरणाऱ्यांपेक्षा त्यांना दुखापती कमी झाल्या. विशेष म्हणजे निवडी माणसागणिक निराळ्या होत्या. मधल्या काळात, २००९ ते २०१४ दरम्यान, पातळ तळाच्या बुटांची आणि अनवाणी धावण्याची एक लाटही येऊन गेली, जिचा शेवट एका बूट कंपनीने आरोग्यविषयक दाव्यांबद्दल ग्राहकांशी ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड करण्यात झाला. अनवाणी धावण्यासाठी ख्यात असलेल्या शिवनाथसिंह यांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली होती, हे भारतीय वाचकाला ठाऊक असल्याने ही लाट त्याला नवलाची वाटण्याचे कारण नव्हते.

भारतात या वादांपेक्षा मूलभूत अशी अडचण अद्याप शिल्लक आहे. इंग्रजी अमदानीत आलेले नंबर स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले, आणि शनिवारच्या कवायतीसाठी खडूने पांढरे करायच्या कॅनव्हासच्या बुटांपासून मुंबई मॅरेथॉनने २००४ पासून रुजवलेल्या महागड्या आयात बुटांपर्यंत बहुतेक माल परदेशी पायांवर बेतलेल्या फर्म्यांवर आणि एकाच रुंदीत मिळत राहिला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांचे त्रिमितीय मोजमाप केले, तेव्हा सर्वसामान्य भारतीय पाय प्रचलित फर्म्यांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. चवड्याला जागा मिळावी म्हणून असा ग्राहक गरजेपेक्षा लांब नंबर घेतो. मग टाच मागे निसटते, बुटाचा वाक सांध्याच्या पुढे पडतो, आणि ब्रॅनॉक यांच्या दुसऱ्या मापाने जो दोष टाळायचा तोच ओढवतो. या दोषाचे खापर ग्राहकाच्या पायावर किंवा त्याच्या धावण्याच्या ढबीवर फोडण्याआधी दुकानदाराने त्याला उभे करून दोन्ही पायांची रुंदी मोजावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. पाहणीच्या आधारे संस्थेने ‘भा’ या नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवली असून तीत तान्ह्या मुलांपासून प्रौढ स्त्रीपुरुषांपर्यंत वयानुसार आठ गट केले आहेत.